ऑनलाइन भाव मोठा, पण हातात किती पडतात?

गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करायची आपली जुनी रीत. भाव दोघांनाच ठाऊक, बघे नुसता अंदाज बांधणार. मोबाइलवरच्या बाजारात याच्या उलट आहे. भाव सगळ्यांना दिसतो, पण त्यातून किती कापले जाते ते रुमालाखालीच राहते. शहापूर-मुरबाडकडे नाचणीचे पीठ विकणारा बचत गट असो, मध-हिरडा गोळा करणारा कातकरी असो की भाजीवाला शेतकरी, ऑनलाइन जाण्याआधी त्याने एकच विचारावे : शेवटी हातात काय पडणार?

गुळवेलीचा धडा

याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. शहापुरातील काही कातकरी तरुण सुरुवातीला रानातली गुळवेल तोडून स्थानिक बाजारात कच्चीच विकत. पुढे त्यांनी आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या नावाने एकत्र येऊन ऑनलाइन विक्री सुरू केली. वनधन विकास केंद्राची जोड मिळाली. वेल वाळवायची, भुकटी करायची, मग विकायची, अशी घडी बसली. कोरोनाच्या काळात गुळवेलीला मागणी आली तेव्हा माल तयार होता. २०२१ मध्ये हिमालया, डाबर आणि बैद्यनाथ या कंपन्यांकडून १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी आल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले.

यातली खरी गोष्ट मोबाइलची नाही, एकजुटीची आहे. वनधन योजनेत सुमारे ३०० सभासदांचे एक केंद्र धरले होते. एकट्या माणसाच्या दोन गोणी वेलीला कंपनी विचारत नाही. तीनशे जणांची वाळवलेली, निवडलेली, एका प्रतीची वेल असली की बोलणी बरोबरीने होतात.

हिशेब आधी, नोंदणी मागाहून

समजा, गटाने एक किलो नाचणीचे पीठ १२० रुपयांना ऑनलाइन ठेवले. दलाली १५ टक्के, म्हणजे १८ रुपये गेले. पोचवायचे ४५, पिशवी-खोक्याचे १०. उरले ४७. त्यातून अजून नाचणी, दळण आणि मजुरी जायचीच आहे. तेच पीठ तालुक्याच्या बाजारात बसून ६० ला गेले असते, तर १२० चा आकडा काय कामाचा? शिवाय एक पुडा परत आला की चार पुड्यांची कमाई गेली म्हणून समजा. पाच-दहा किलोची मागणी एकदम घेतली तर पोचवायचा खर्च किलोमागे कमी होतो. म्हणून सुटे विकण्यापेक्षा शहरातल्या सोसायट्यांची एकत्र मागणी घेणे परवडते.

कुठल्याही ऑनलाइन बाजारात नाव घालण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घ्याव्यात. दलाली किती? पोचवण्याचा खर्च कोणाचा? माल परत आल्यास तोटा कोणाचा? आणि पैसे किती दिवसांनी खात्यात येणार? याची सरळ उत्तरे मिळत नसतील तर तो बाजार आपला नव्हे.

कायद्याचा आधार

पूर्वी दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारात माल विकायचा तर छोट्यालाही जीएसटी नोंदणी घ्यावी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल नोंदणीच्या मर्यादेत असेल आणि माल राज्यातल्या राज्यातच विकायचा असेल, तर ही सक्ती नाही. पॅन देऊन जीएसटीच्या संकेतस्थळावर नावनोंदणी क्रमांक घेतला की भागते. ठाणे, कल्याण, मुंबई, पुणे ही गिऱ्हाइके त्यात आलीच. खाण्याच्या पदार्थाला अन्नसुरक्षा नोंदणी मात्र हवीच.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल कशाच्या आधारे वरखाली दाखवला जातो आणि एकाच प्रकारच्या विक्रेत्यांत भेद केला जातो का, हे बाजार चालवणाऱ्याने उघड सांगायचे असते. डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ओएनडीसीच्या जाळ्यात विक्रेता एका ॲपवर आणि गिऱ्हाईक दुसऱ्या ॲपवर असले तरी व्यवहार होतो. एकाच दुकानदाराच्या दावणीला बांधून घ्यायची गरज राहत नाही. तरी वरचे चार प्रश्न तिथेही विचारायचेच.

ग्रामपंचायतीचे काम

वनहक्क कायदा, २००६ ने गौण वनोपजाची मालकी वनहक्कधारकांना दिली. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देऊ शकते. शहापूर पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. इथल्या सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे ग्रामसेवक) ही समिती कागदावर ठेवू नये. गाडी नाक्यावर अडली आणि माल भिजला तर ऑनलाइन गिऱ्हाईक थांबत नाही.

दुसरे काम त्याहून सोपे आहे. पंचायतीच्या संगणकावर गटाच्या बायांना महिन्यातून एकदा बसवून किती माल गेला, किती कापले, किती जमा झाले, ते मोठ्याने वाचून दाखवावे. वेल कोणी तोडली, वाळवली कोणी, हे गावाला माहीत असते. पैसे किती आले तेही गावाला कळले, की रुमाल आपोआप बाजूला होतो.