वंश, जमात आणि धर्म : खानदेशातील तडवी भिल्ल व पावरा समाजाच्या संदर्भात सामूहिक ओळखीचा विचार

बीजसंज्ञा : वंश, वांशिकता, अनुसूचित जमात, जनगणना, तडवी भिल्ल, पावरा, खानदेश

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्रवेश अर्जात धर्म, जात अथवा जमात, प्रवर्ग आणि मातृभाषा यांसाठी स्वतंत्र रकाने असतात. प्रत्येक व्यक्तीला प्रत्येक रकान्यात एकच निश्चित उत्तर असते आणि एका उत्तरावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो, असे गृहीतक या रचनेमागे असते. खानदेशात हे गृहीतक वारंवार कोलमडते. यावल किंवा रावेर तालुक्यातील तडवी भिल्ल विद्यार्थी धर्माने मुस्लिम आणि कायद्याने अनुसूचित जमातीचा असतो. शिरपूर किंवा चोपडा तालुक्यातील पावरा विद्यार्थ्याचे सातपुड्यापलीकडील आप्त ‘बारेला’ या नावाने ओळखले जातात. अशा समाजांची ओळख नेमकी कशावर आधारलेली आहे, याचे स्पष्टीकरण करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

‘वंश’ ही संकल्पना शारीरिक लक्षणांवर व आनुवंशिकतेवर, तर ‘वांशिकता’ ही समान भाषा, परंपरा, मूळस्थान आणि समूहभान यांवर आधारलेली मानली जाते. मराठीत दोन्ही संज्ञा एकाच धातूपासून साधलेल्या असल्याने त्यांच्यातील भेद पुसट होतो. सन १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापांच्या आधारे भारतीय जाती-जमातींची वांशिक विभागणी मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात अशाच मापांचा आधार घेऊन अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात असल्याचे मत खोडून काढले. रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ मध्ये दाखविल्याप्रमाणे मानवातील जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता समूहांच्या अंतर्गतच आढळते. म्हणजे वंश ही जीवशास्त्रीय सीमारेषा म्हणून टिकत नाही. समाज आणि राज्यसंस्था यांनी दिलेला अर्थच तिला परिणामकारक करतो.

याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील लॅटिनो समाजाचे आहे. तेथील १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा स्वतंत्र वंश म्हणून नोंदविला गेला आणि विरोधानंतर १९४० मध्ये तो वगळला गेला. १९७७ च्या संघीय निर्देशानुसार ‘हिस्पॅनिक’ ही वंशापासून वेगळी अशी वांशिकता ठरविण्यात आली. त्यामुळे लॅटिनो व्यक्तीला आपण हिस्पॅनिक आहोत काय आणि आपला वंश कोणता, अशा दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकांना दिलेल्या पर्यायांत सापडत नसे. २०२० च्या जनगणनेत ६ कोटी २१ लाख लॅटिनोंपैकी सुमारे ४२ टक्के लोकांनी केवळ ‘अन्य वंश’ हा पर्याय निवडला. मार्च २०२४ मध्ये तेथील शासनाने दोन्ही प्रश्न एकत्र करण्याचा निर्णय जाहीर केला. लोक तेच राहिले तरी प्रश्न बदलताच त्यांची नोंद बदलते, ही बाब खानदेशच्या संदर्भातही मार्गदर्शक ठरते.

तडवी भिल्ल : धर्म आणि जमात

१८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये तडवींची वस्ती सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत असल्याची नोंद असून, त्यांच्या धर्मांतराचा संबंध औरंगजेबाच्या काळाशी जोडणारी परंपरा सांगितली आहे. धर्मांतरामुळे उपासना आणि नावे बदलली. भिल्ल मूळ आणि जमातीचे नाव मात्र कायम राहिले. मुस्लिम वळणाचे नाव आणि ‘तडवी’ हे आडनाव यांचा मेळ या भागात नित्य परिचयाचा आहे.

या दुहेरी ओळखीला संविधानात स्थान आहे. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. त्यानुसार प्रारंभी हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध धर्मीयांचा समावेश होतो. अनुच्छेद ३४२ अन्वये काढलेल्या अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी अट नाही. महाराष्ट्राच्या यादीत भिल्ल गटाच्या नोंदीमध्येच ‘तडवी भिल्ल’ हे नाव आहे. तडवी मुस्लिम असूनही जमातीचे ठरतात, हा अपवाद नसून नियमच आहे.

डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये आदिवासींचे वर्णन ‘मागासलेले हिंदू’ असे केले होते. तडवी समाज या व्याख्येत बसत नाही. त्याचप्रमाणे, मुस्लिम समाज हा एकजिनसी असून त्यात जमातभेद संभवत नाही, हे मतही या उदाहरणापुढे अपुरे पडते. विशेष म्हणजे ‘जमात’ हा अरबी मूळ असलेला शब्द मुस्लिम समाजात धार्मिक समुदायासाठी, तर मराठीत आदिवासी समूहासाठी वापरला जातो. तडवींना तो दोन्ही अर्थांनी लागू पडतो.

नावाच्या बाबतीतही सावधगिरी आवश्यक आहे. महाराष्ट्राच्या यादीत ‘धानका, तडवी, तेटारिया, वळवी’ अशी आणखी एक नोंद आहे. नर्मदेच्या परिसरातील तडवी आणि यावल-रावेरकडील तडवी भिल्ल हे एकच समजणे योग्य नाही.

पावरा : भाषा आणि राज्यसीमा

पावरा समाजाची वस्ती धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांच्या सातपुडा पट्ट्यात आहे. राजपूत मूळ सांगणारी आणि आपल्या नावाचा संबंध पावागडाशी जोडणारी परंपरा या समाजात आढळते. होळीपूर्वीचा भोंगऱ्या बाजार आणि इंदल उत्सव ही त्यांच्या सामूहिक जीवनाची ठळक अंगे असून ती सातपुड्याच्या दोन्ही बाजूंना आढळतात. तथापि, महाराष्ट्राच्या यादीत ‘पावरा’, तर मध्य प्रदेशाच्या यादीत ‘भिल्ल, भिलाला, बारेला, पटेलिया’ अशी नोंद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणातील निर्णयानुसार एका राज्यातील अनुसूचित दर्जा स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. त्यामुळे एकाच सांस्कृतिक समूहाची कायदेशीर ओळख राज्यसीमेवर बदलते.

भाषेच्या वर्गीकरणातही हाच अनुभव येतो. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात १९०७ मध्ये भिल्ली बोली व खानदेशी यांचा विचार एकाच खंडात झाला. स्वातंत्र्योत्तर जनगणनेत पावरी ‘भिली/भिलोडी’ या शीर्षकाखाली, तर अहिराणी ‘खानदेशी’ या शीर्षकाखाली गणली गेली. पावरी भाषकाची ओळख अशा रीतीने आकडेवारीत एका मोठ्या नावात विलीन होते.

यादी, पुरावा आणि पडताळणी

२०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण जळगाव जिल्ह्यात सुमारे १४ टक्के, तर धुळे जिल्ह्यात सुमारे ३२ टक्के होते. एवढ्या मोठ्या लोकसंख्येच्या दृष्टीने ओळखीचा प्रश्न शिष्यवृत्ती, प्रवेश आणि नोकरी यांच्याशी थेट निगडित आहे. लोकूर समितीने १९६५ मध्ये आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगता, इतर समाजाशी संपर्काबाबतचा बुजरेपणा आणि मागासलेपणा हे जमातीचे निकष सांगितले. त्यांत शारीरिक वंशाला स्थान नाही. मात्र जमात म्हणजे न बदलणारा समूह, ही कल्पना त्यांत दडलेली आहे.

महाराष्ट्रात २००१ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार जमात प्रमाणपत्राची पडताळणी समितीमार्फत होते. संविधानपूर्व काळातील शालेय व महसुली नोंदींना तीत विशेष महत्त्व असते. एखाद्या जुन्या नोंदीत जमातीच्या जागी केवळ धर्म लिहिला गेला असल्यास त्या लेखनिकाच्या समजुतीचा परिणाम नातवंडांना भोगावा लागू शकतो. रूढी, देवदैवते व बोली यांवरून घेतल्या जाणाऱ्या आप्तभाव चाचणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले, की ही चाचणी निर्णायक कसोटी मानता येणार नाही. शिक्षण, स्थलांतर आणि आधुनिकीकरण यांमुळे समाजाची लक्षणे बदलू शकतात. दुसरीकडे, यादीतील नोंदीत न्यायालयालाही भर घालता येत नाही, हे २००० च्या मिलिंद प्रकरणात निश्चित झाले आहे. खरा लाभार्थी वंचित राहू नये आणि खोटा दावा मान्य होऊ नये, या दोन अपेक्षांतील ताण येथे दिसतो.

समारोप

तडवी भिल्लांच्या उदाहरणावरून धर्म बदलला तरी जमात टिकू शकते, तर पावरांच्या उदाहरणावरून संस्कृती एकच असूनही कायदेशीर नाव बदलू शकते, हे स्पष्ट होते. सामूहिक ओळख रक्तात साठविलेली वस्तू नाही आणि निव्वळ कागदी कल्पनाही नाही. परंपरा, समूहाचे स्वतःविषयीचे भान आणि राज्यसंस्थेची नोंद या तिहींच्या परस्परसंबंधांतून ती घडते. केंद्र शासनाने २०२५ मध्ये आगामी जनगणनेत जातिगणना समाविष्ट करण्याचा निर्णय घेतल्याने या प्रश्नाचे महत्त्व वाढले आहे.

प्राध्यापकवर्गाच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. अर्ज तपासताना धर्मावरून जमातीचा, आडनावावरून समाजाचा किंवा बोलीवरून प्रवर्गाचा तर्क करणे अशास्त्रीय असून विद्यार्थ्यावर अन्याय करणारे ठरू शकते. विद्यार्थ्याने सांगितलेली ओळख प्रथम ऐकून घेणे आणि मगच ती कागदपत्रांशी व अनुसूचीतील नोंदीशी ताडून पाहणे, हा क्रम पाळला गेला पाहिजे.