रिव्हर्स टाकताना गाडी का खरखरते?



आपल्या गटांच्या दारात आता गाड्या दिसू लागल्या आहेत. कुणी भाजीपाला बाजारात नेते, कुणी मसाला-पापडाचा माल पोचवते. २०१७ साली केंद्राची आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आली, तेव्हापासून गटातल्या महिलेनं प्रवासी गाडी चालवणं ही कागदावरचीसुद्धा गोष्ट झाली. म्हणून या वेळी गाडीविषयीच बोलू या.

गाडी शिकणाऱ्या ताईंची एक तक्रार ठरलेली असते. पहिला, दुसरा, तिसरा गिअर नीट पडतो. पण गाडी मागे घ्यायची म्हटलं की ‘खर्रर्र’ असा आवाज येतो. बाजारात चार माणसं वळून बघतात. “बाईमाणूस चालवतेय वाटतं!” असं कुणीतरी म्हणतंच. मग घाबरून दांडा जोरात ढकलला जातो आणि आवाज आणखी वाढतो.

ताई, हा आवाज बाई-पुरुष बघून येत नाही. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यालाही घाईत तो ऐकू येतो. तो का येतो हे एकदा समजलं, की थांबवताही येतो.

आत काय घडतं?

गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकं असतात. रसवंतीतले दोन चरक आठवा. एक इकडे फिरला की त्याला लागलेला दुसरा उलटा फिरतो. गाडीतही तसंच आहे. दोन चाकांच्या मध्ये तिसरं चाक घातलं, की शेवटच्या चाकाची दिशा पालटते आणि गाडी मागे जाते. रिव्हर्स टाकतो म्हणजे बहुतेक गाड्यांत आपण हे मधलं चाक सरकवून दोन चाकांच्या दातांत बसवत असतो.

पुढच्या गिअरमध्ये एक सोय असते. तिथे पितळेसारखी एक कडी असते. ती फिरणाऱ्या भागांचा वेग आधी सारखा करून घेते, मग गिअर पडतो. मेकॅनिक तिला ‘सिंक्रो रिंग’ म्हणतात. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला ही कडी नसते, कारण रिव्हर्स गाडी उभी असतानाच टाकायचा असतो. काही नव्या गाड्यांत ती असते, त्यांचा रिव्हर्स सहज पडतो.

आता पिठाची गिरणी आठवा. बटण बंद केलं तरी चाक लगेच थांबत नाही, थोडा वेळ फिरत राहतं. क्लच दाबल्यावर तसंच होतं. इंजिनाचा जोर तुटतो, पण गिअरबॉक्समधलं चाक एक-दोन सेकंद गरगरत राहतं. तेवढ्यात आपण रिव्हर्स टाकला, तर थांबलेले दात फिरत्या दातांवर घासतात. तोच तो खर्रर्र आवाज.

गाडी पूर्ण थांबलेली नसली तरीही असंच होतं. उतारावर गाडी बोटभर जरी सरकत असेल, तरी आतलं दुसरं चाक फिरतच असतं.

मग करायचं काय?

१. आधी मागे नीट बघा. लेकरू, शेळी, कोंबडी कुणी नाही ना? आरशात जे दिसत नाही, ते उतरून बघा.

२. गाडी पूर्ण थांबवा. ब्रेकवर पाय ठेवा.

३. क्लच तळापर्यंत दाबा. अर्धा दाबून चालत नाही. सीट मागे असेल तर पाय पुरत नाही, म्हणून सीट पुढे घ्या. पायाखालची चटई गोळा होऊन पेडलखाली अडकली नाही ना, तेही बघा.

४. मनात एक, दोन, तीन म्हणा. मग सावकाश रिव्हर्स टाका.

५. तरी खरखरला तर क्लच दाबलेलाच ठेवून आधी पहिला गिअर टाका आणि मग रिव्हर्स टाका. पहिल्या गिअरची कडी ते फिरणारं चाक थांबवते. मधे क्लच मात्र सोडायचा नाही, नाहीतर गाडी पुढे उडी मारेल.

कधी आवाज येत नाही, पण गिअर पडतच नाही. तेव्हा दातासमोर दात आलेला असतो. जोर लावू नका. न्यूट्रल करा, क्लच सोडा, पुन्हा दाबा आणि पुन्हा टाका. चाक थोडं फिरतं आणि दात खाचेत बसतो. शिवाय काही गाड्यांत रिव्हर्ससाठी दांड्याखालची कडी उचलावी लागते, काहींत दांडा खाली दाबावा लागतो. आपल्या गाडीची पद्धत आधी विचारून घ्या.

रिव्हर्समध्ये गाडी चालू लागल्यावर ‘ऊंऽऽ’ असा बारीक आवाज येतो, त्याला घाबरू नका. रिव्हर्सचे दात सहसा सरळ कापलेले असतात, म्हणून तो येतो.

एवढं करूनही खरखर थांबली नाही तर?

मग गाडीतच काहीतरी आहे. गॅरेजला जाण्याआधी घरीच दोन गोष्टी तपासा.

पहिली: इंजिन बंद ठेवून रिव्हर्स टाकून बघा. तेव्हाही अडकत असेल तर दांड्याच्या जोडणीत किंवा गिअरबॉक्समध्ये दोष असू शकतो.

दुसरी: मोकळ्या सपाट जागेवर, समोर-मागे कुणी नसताना, इंजिन चालू करा. ब्रेक दाबा, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका. क्लच दाबलेलाच ठेवून ब्रेक हळूच सैल करा. गाडी पुढे सरकायला बघत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. क्लचची वायर सैल झालेली असते, किंवा तेलावरचा क्लच असेल तर तेल कमी झालेलं किंवा त्यात हवा शिरलेली असते. वायर जुळवणं हे छोटं काम आहे.

गॅरेजवाल्याला नुसतं “गिअर खराब झालाय” म्हणू नका. “पाच सेकंद थांबून टाकला तरी फक्त रिव्हर्स खरखरतो, पुढचे गिअर नीट पडतात. आधी क्लचची वायर आणि तेल बघा,” असं सांगा. कुणी थेट क्लच प्लेट बदला म्हणालं, तर कारण विचारा. प्लेट झिजली की इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. ते लक्षण वेगळं आहे. पुढचे गिअरही खरखरत असतील तर तेही सांगा, आणि गिअर ऑइल योग्य नंबरचं व पुरेसं आहे का ते बघायला लावा.

दुर्लक्ष मात्र करू नका. प्रत्येक खरखरीला दात थोडे झिजतात. त्याचा लोखंडी चुरा ऑइलमध्ये मिसळतो आणि बेअरिंगही खातो. पुढे गिअरबॉक्स उघडावा लागला तर खर्च मोठा, आणि गाडी गॅरेजमध्ये उभी असली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.

ज्या गटाकडे गाडी आहे, त्यांनी गाडीची एक वही ठेवावी. ऑइल कधी बदललं, वायर कधी जुळवली, किती पैसे दिले, हे तारीख घालून लिहावं आणि मासिक बैठकीत हिशेबासोबत वाचावं. गाडी एकीपेक्षा जास्त जणी चालवत असतील, तर वर सांगितलेल्या पाच पायऱ्या सगळ्यांनी एकदा उभ्या गाडीत करून बघाव्यात.