घरातलं पहिलं लेकरू कॉलेजात चाललंय? मग ही माहिती आधी वाचा

परभणी : बारावीचा निकाल लागला की गावात पेढे वाटले जातात, व्हॉट्सअॅपवर फोटो फिरतात. दोन दिवसांनी घरात खरा प्रश्न निघतो, पुढं काय? हा प्रश्न निघतो तेव्हा मृग जवळ आलेला असतो. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं आणि कॉलेजची फी, सगळं एकाच महिन्यात येतं. मग बाप म्हणतो, एवढं वर्ष थांब, पुढच्या साली बघू. पुढचं साल बहुतेकदा येतच नाही.

ज्या घरात आई-बाप, चुलते, आजोबा यांपैकी कोणीच कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्या घरातून जाणाऱ्या मुलाला पहिल्या पिढीचा विद्यार्थी म्हणतात. आपल्या नऊही तालुक्यांत अशी लेकरं गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी शासनाच्या, विद्यापीठांच्या आणि सामाजिक संस्थांच्या योजना आहेत. तरी पुष्कळ लेकरं त्यातून सुटतात. काही योजनेच्या अटीत बसत नाहीत, पण जी बसतात त्यांचंही घोडं तारखेवर आणि कागदावर अडतं. घरात विचारायला माणूस नसतो.

माझंच उदाहरण

मी बारावी पास आहे. पंचवीस वर्षांपूर्वी गावाकडून एका कॉलेजात पहिल्या वर्षाला नाव घातलं होतं. फी माफीच्या अर्जाची सूचना नोटीस बोर्डावर लागली आणि मुदत निघून गेली. मला नोटीस बोर्ड रोज वाचायचा असतो हेच माहीत नव्हतं. शाळेत गुरुजी वर्गात येऊन सांगायचे, तसंच इथंही कोणीतरी सांगेल असं वाटलं. दिवाळीनंतर फीचा तगादा लागला, त्या साली कापसानं दगा दिला, आणि मी घरी आलो ते शेतीतच राहिलो. शेती वाईट नाही, आजही तीच करतो. पण ते कॉलेज माझ्या डोक्यामुळं सुटलं नाही, एका कागदामुळं सुटलं. आता माझी मुलगी बारावीला आहे, म्हणून हे सगळं नव्यानं समजून घेतलं. तेच इथं मांडतो.

ही मदत आजची नाही

पहिल्या पिढीला आधार लागतो ही गोष्ट आपल्याकडच्या थोर माणसांनी फार आधी ओळखली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यात सुरू केलेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' रुजवलं. मराठवाड्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज सुरू केलं. तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. त्या काळी मराठवाड्यात कॉलेज बोटावर मोजण्याइतकी होती. मिलिंदमधून शिकलेल्या कित्येकांच्या घरातली ती पहिलीच पदवी होती.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही हाच प्रश्न आहे. तिथं १९६० च्या दशकात सरकारनं ज्यांच्या आई-बापाकडं पदवी नाही आणि घरची कमाई कमी आहे, अशा मुलांसाठी तीन कार्यक्रम सुरू केले. तीन म्हणून त्यांना 'ट्रिओ' नाव पडलं. त्यात शिकवणी, फॉर्म भरायला मदत आणि सल्ला द्यायला ठरलेला माणूस असतो. नुसते पैसे देऊन भागत नाही, सांगणारा माणूसही लागतो, हे तिथंही मान्य झालेलं आहे.

आपल्याकडं कोणत्या योजना आहेत?

राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. मुख्य योजना अशा :

१) भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये. फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही मिळतात. उत्पन्न त्यापेक्षा जास्त असेल तर फ्रीशिप नावाची वेगळी फी सवलत असते, ती विचारा. अनुसूचित जमाती, भटके विमुक्त आणि इतर मागासवर्गासाठी त्या-त्या विभागाच्या वेगळ्या योजना आहेत.

२) राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती : खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी. शिक्षण शुल्कात सवलत मिळते. एका कुटुंबातल्या दोनच लेकरांना लाभ मिळतो हे ध्यानात ठेवा.

३) मुलींची फी माफी : ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. आधी ही सवलत निम्मी होती. यात कृषी आणि वैद्यकीय शिक्षणही येतं. म्हणजे आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या पात्र मुलीलाही हा लाभ आहे. पण 'मुलींना सगळं फुकट' असा जो मेसेज फिरतो, तो अर्धाच खरा. वसतिगृह, मेस आणि इतर शुल्क त्यात नाही. प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोटा, खाजगी अभिमत विद्यापीठ आणि खाजगी विद्यापीठ यात बसत नाहीत. एजंट म्हणाला 'डायरेक्ट सीट देतो, फी सरकार भरतं', तर तिथंच थांबा.

४) डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता : अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना बाहेरगावी राहून शिकण्यासाठी. आपल्या भागातली कितीतरी घरं यात बसतात, पण अल्पभूधारक दाखला तहसीलमधून वेळेवर काढलेला नसतो.

५) डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना : अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर राहणं-खाणं यासाठी पैसे बँक खात्यात येतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत, लहान ठिकाणी त्याहून कमी. अनुसूचित जमातीसाठी अशीच 'स्वयंम' योजना आहे.

६) ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना : ओबीसी, भटके विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी. जिल्ह्याला ६०० विद्यार्थ्यांची मर्यादा आहे, म्हणून उशीर करू नका.

याशिवाय बारावीला चांगले गुण असतील तर केंद्र सरकारची गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर असतो, महाडीबीटीवर नाही. तिथं उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख आहे आणि पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. मात्र दुसरी शिष्यवृत्ती चालू असेल तर दोन्ही घेता येतात का, हे अर्जाआधी विचारून घ्या.

गावाहून रोज जाणं-येणं करणाऱ्यांना एसटीच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तीन रुपयांचं भाडं एक रुपयात. साधी गोष्ट वाटते, पण एका वर्षाचा हिशोब केला तर एका बॅगेच्या खताचे पैसे सहज निघतात.

घोडं अडतं कुठं?

कॉलेजचे कारकून, सेतू केंद्रवाले आणि मधेच शिक्षण सुटलेली पोरं यांच्याशी बोललो. अडचणी फिरून त्याच निघतात.

पहिली अडचण बँक खात्याची. खातं आहे, आधार दिलेलं आहे, पण खात्याला आधार सीडिंग झालेलं नाही. शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या खात्यावरच येते. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का' असं स्पष्ट विचारा. दोन बँकांत खाती असतील तर पैसे कोणत्या खात्यात पडतील तेही विचारा. कित्येकदा पैसे जुन्या, विसरलेल्या खात्यात जाऊन बसलेले असतात.

दुसरी अडचण अर्ज परत येण्याची. महाडीबीटीवर अर्ज भरला म्हणजे काम संपलं असं नसतं. तो आधी कॉलेजकडं, मग त्या विभागाच्या कार्यालयाकडं जातो. कागद अस्पष्ट असेल तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. लेकरानं पोर्टल उघडलंच नाही तर तो तसाच पडून राहतो आणि मुदत संपते. दर आठ दिवसांनी लॉगिन करून स्थिती बघायची सवय लावा. पासवर्ड सेतूवाल्याकडं ठेवू नका, घरच्या वहीत लिहून ठेवा. मोबाइल नंबरही आपलाच द्या, कारण ओटीपी त्यावर येतो.

तिसरी अडचण जात वैधता प्रमाणपत्राची. राखीव जागेवर व्यावसायिक प्रवेश घ्यायचा तर ते लागतं आणि समितीकडं वेळ जातो. निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाका. आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, जुने महसुली कागद शोधायला घरच्यांनाच लागावं लागतं. हे काम लेकराच्या एकट्याच्या डोक्यावर टाकू नका.

चौथी अडचण नूतनीकरणाची. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली की माणूस निवांत होतो. दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो, नाहीतर ती थांबते.

फी आधी मागितली तर?

शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून माफीतली फी प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, अशा सूचना शासनानं वेळोवेळी दिलेल्या आहेत. तरी मागणी झाली तर भांडत बसू नका. कोणत्या शुल्काचे किती, हे लेखी मागा आणि प्राचार्यांना अर्ज द्या, त्याची पोच घ्या. दुसरी गोष्ट, प्रवेश रद्द करताना मूळ कागदपत्रं अडवून ठेवली जातात. मूळ प्रमाणपत्रं कॉलेजनं ठेवून घेऊ नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्येच सांगितलेलं आहे. मूळ कागद तपासायला दाखवायचे आणि परत घ्यायचे. तक्रार करायची झाली तर कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते आणि विद्यापीठात लोकपाल असतो. २०२३ च्या नियमांनी ते बंधनकारक आहे.

कॉलेजात गेल्यावर कोणाला भेटायचं?

पहिल्या आठवड्यात लेकरानं चार ठिकाणं बघून ठेवावीत : शिष्यवृत्तीचं टेबल, समान संधी केंद्र, विद्यार्थी विकास विभाग आणि ग्रंथालय. समान संधी केंद्र हे समाज कल्याण विभागाच्या पुढाकारानं कॉलेजात सुरू झालेलं आहे, शिष्यवृत्तीची माहिती तिथं मिळायला पाहिजे. विद्यार्थी विकास विभागाकडून बऱ्याच ठिकाणी 'कमवा आणि शिका' चालतं. ग्रंथालय, बाग, कार्यालय यात रोज थोडा वेळ काम आणि तासाप्रमाणे मानधन. वर्गासाठी नेमलेले पालक-प्राध्यापक कोण, हेही विचारा. इंग्रजी जड जातं म्हणून वर्गात मागच्या बाकावर बसणारं लेकरू आधी गप्प होतं, मग गैरहजर राहतं, मग गावाकडं येतं. एका मास्तरला जाऊन 'सर, मला समजत नाही' म्हणायची तयारी ठेवली तर हे थांबतं.

पुण्याला जाणाऱ्यांसाठी विद्यार्थी साहाय्यक समिती आहे. १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेल्या या संस्थेची वसतिगृहं ग्रामीण, गरीब घरच्या मुला-मुलींसाठी आहेत. बुलडाणा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातून पुढं आलेले राजू केंद्रे यांनी सुरू केलेलं एकलव्य फाउंडेशन पहिल्या पिढीच्या मुलांना देशातल्या मोठ्या विद्यापीठांच्या प्रवेशासाठी मार्गदर्शन करतं. असा प्रवेश मिळवता येतो, हेच आपल्याकडं कित्येकांना ठाऊक नसतं.

घरच्यांनी आत्ता काय करावं?

एक फाईल करा. त्यात उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रीमी लेयर आणि वैधता, अधिवास, रेशनकार्ड, अल्पभूधारक दाखला, आधार, पासबुक, दहावी-बारावीचे गुणपत्रक आणि टीसी ठेवा. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्पष्ट फोटो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत बघा, तो संपलेला निघाला की सगळं अडतं. निकालानंतर तहसीलला गर्दी होते, म्हणून हे काम दिवाळीनंतर निवांत वेळात उरका. अर्जाच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या पोर्टलवरच बघा, व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डवर विसंबू नका.

आणि गावात जे लेकरू आधी कॉलेजात गेलेलं आहे, त्याला घरी चहाला बोलवा. त्याला ठेचा लागलेल्या आहेत, रस्ता त्यालाच माहीत आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मला एवढंच सांगणारं कोणी असतं, की 'बाबा, तो नोटीस बोर्ड रोज वाचत जा', तर बरंच वेगळं झालं असतं. माझ्या मुलीची फाईल तयार आहे. तुमच्या घरची नसेल तर याच आठवड्यात सुरुवात करा.