बोकडाचं काय करणार?

शनिवार-रविवारी आमच्याकडे येणारे पाहुणे ठरल्यासारखे एकाच क्रमाने फोटो काढतात. आधी गाईच्या गळ्यात हात टाकून, मग करडू उचलून, मग मुलांच्या ओंजळीत कोमट अंडं देऊन. जेवण होतं, ताक पिऊन होतं, आणि चपला घालता घालता कोणीतरी विचारतंच, "आमचाही मुळशीत तुकडा आहे. दोन शेळ्या घेऊन टाकाव्यात का?" मी पाण्याचं विचारत नाही, राखणदाराचं विचारत नाही. विचारते, "बोकडाचं काय करणार?" समोरचा हसतो. त्याला वाटतं, मी विषय टाळतेय.

आमचं रान वाईहून धोमकडे जाताना लागतं. तीस गुंठे, म्हणजे एकराला दहा गुंठे कमी. सासऱ्यांच्या वाटणीत आलेलं. यावर आमचं पोट नाही. नवरा हायस्कूलवर मास्तर, मी बँकेत. म्हणून गाव आमच्या शेतीला 'हौसेची' म्हणतं आणि त्यात थोडी थट्टाही असते. ती रास्त आहे. चार उस्मानाबादी शेळ्या, एक खिल्लार गाय, मुंगसाच्या मर्जीप्रमाणे पंधरा ते वीस गावरान कोंबड्या, आणि एक कुत्रा, ज्याला राखणीपेक्षा ताकात जास्त रस आहे.

दिवस साडेपाचला सुरू होतो आणि तो आम्ही सुरू करत नाही. गव्हाणीत खडखड सुरू झाली की उठावंच लागतं. धार सासूबाई काढतात, कारण चांदी दुसऱ्या कोणाला पान्हा सोडत नाही. खिल्लार ही काही दुधाची जात नव्हे, ती कामाची. वासराचं पिऊन झालं की आम्हाला चहापुरतं आणि सणावारी खिरीपुरतं मिळतं. नवरा शेण काढतो. मास्तर पाटी उचलताहेत हे बघायला सुरुवातीला बांधावर माणसं थांबायची. पेंड-कुट्टी माझ्याकडे, शेळ्यांचा शेवरीचा पाला थोरलीकडे, खुराडं धाकट्याकडे. एक कोंबडी खुराड्यात अंडं घालायला साफ नकार देते. तिला कडब्याची गंजच लागते. तिचं अंडं शोधण्यात धाकट्याची बस निदान आठवड्यातून एकदा चुकायची वेळ येते.

सगळ्यांनी मिळून गावाला जाणं बंद झालं, हे आता कोणाला जाणवतही नाही. लग्नाची पत्रिका आली की आम्ही मुहूर्ताआधी पाळी कोणाची ते बघतो. एकाने मागे राहायचंच. नवऱ्याला नातेवाइकांची लग्नं मुळातच आवडत नसल्यामुळे तो आपली पाळी फार उदारपणे पुढे करतो.

इथवरचं सगळं पाहुण्यांना ऐकायला आवडतं. पुढचं गणित आवडत नाही. निसर्ग नर आणि माद्या साधारण निम्मे-निम्मे देतो. हौशी माणसाला दूध हवं, अंडी हवीत, म्हणजे माद्याच हव्यात. दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. चार शेळ्यांसाठी तर बोकड पाळायचीही गरज नाही, माजावर आल्या की शेजारून आणता येतो. उस्मानाबादीला जुळी सहज होतात. गाभणकाळ पाच महिन्यांचा, नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं. चार शेळ्यांची दोन वर्षांत वीसेक करडं धरा. त्यातले निम्मे बोकड. तीस गुंठ्यांत दहा बोकड आणि पाचजणांचं घर, ज्यातलं एकही माणूस सुरी धरणारं नाही.

अंड्यांच्या मोठ्या धंद्यात हा प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात काढतात. लेअर जातीचा नर अंडी देत नाही, आणि त्याच्या अंगावर मांसही परवडेल असं धरत नाही. म्हणून हॅचरीत एका दिवसाची नर पिल्लं निवडून मारली जातात. जगभर हीच रीत होती आणि बऱ्याच ठिकाणी आहे. जर्मनीने २०२२ पासून तिच्यावर कायद्याने बंदी घातली. किराणा दुकानातून डझनभर अंडी आणताना हा हिशेब आपल्यापर्यंत पोचत नाही. अंगणातल्या कोंबडीचा मात्र तीन-चार महिन्यांनी आरवायला लागतो. मग दोन कोंबडे तुरे रक्ताळेपर्यंत झुंजतात, आणि माद्यांच्या पाठीवरची पिसं झडून लालभडक चामडी दिसायला लागते. जास्तीचे कोंबडे आषाढात जातात. आमच्या भागात आखाड जोरात असतो, श्रावण लागायच्या आत गावरान कोंबड्याला लोक पायरीवर येऊन विचारतात. त्या दिवसांत खुराडं हलकं होतं आणि जेवणाच्या ताटावरून आमच्यात थोडी कुजबुज होते. थोरलीने मटण सोडलंय, चिकन खाते. धाकट्याचं नेमकं उलट आहे. दोघांनाही कारण विचारायचं नाही असं आम्ही ठरवलंय, कारण विचारलं तर आम्हालाही आमचं सांगावं लागेल.

गेल्या दिवाळीच्या आधी आमची काळी शेळी व्याली ती रात्र थोरलीने पहिल्यांदा पूर्ण पाहिली. संध्याकाळीच लक्षणं दिसत होती. कास ताठ भरलेली, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खळगे पडलेले, आणि काळी पुढच्या पायाने सारखी माती उकरत होती. पाला पुढे केला तर हुंगून मान वळवायची. अकराच्या सुमाराला पाण्याची पिशवी दिसली. मग दोन पांढुरके खूर, आणि त्या खुरांवर टेकलेलं नाक. "असं आलं की हात लावायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "नाक नसतं दिसलं तर डॉक्टरला फोन." थोरलीने बॅटरी धरली होती, उजेड थरथरत होता. करडू सुळकन खाली आलं. सासूबाईंनी जुन्या धोतराच्या फडक्याने त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवली आणि ते काळीच्या तोंडापुढे सरकवलं. ती जिभेने खसाखसा चाटायला लागली. करडाने गुडघ्यांवर उठायचा प्रयत्न केला, कोलमडलं, पुन्हा उठलं. तेवढ्यात दुसरं आलं.

थोरलीने दोन्ही करडं उलटीपालटी करून पाहिली आणि बॅटरी खाली केली. "दोन्ही बोकड."

शेजारचे तात्या घोंगडी पांघरून बघायला आले होते. त्यांचा चेहरा उजळला. "दोनी बोकडंच? लय नशीबवान हायसा की मास्तर!"

त्या एका वाक्यात हौस आणि पोट यांच्यातलं अंतर आहे. तात्यांकडे पंचवीस-तीस शेळ्या आहेत. पाट, म्हणजे मादी करडू, ठेवायची, पुढच्या वेतासाठी; बोकड विकायचा. तो पाटेपेक्षा लवकर भरतो आणि रोख पैसा आणतो. त्यांच्या घरात बोकड म्हणजे सोसायटीचा हप्ता, मुलाची फी, दवाखाना. पाटी झाल्या की तात्या खूश नसतात असं नाही, पण बोकड झाला की लोणंदच्या बाजाराचा दिवस मोजायला लागतात. आमच्यासाठी जी अडचण, ती त्यांच्यासाठी मिळकत. करडं त्या रात्री अर्ध्या तासाच्या आत चीक प्याली. तो पहिल्या काही तासांत पोटात गेलाच पाहिजे, रोगाशी लढायची ताकद करडाला त्यातूनच मिळते. मग आम्ही चहा केला. तात्यांनी साखर जास्त मागितली.

बोकडांचे पुढचे टप्पे सोपे नसतात. तीन महिन्यांचा झाला की तो बहिणींच्या मागे लागतो, म्हणून वेगळा बांधावा लागतो. खच्ची करायचा तर डॉक्टर चिमट्याने करतात, कापाकापी नसते. नाही केला आणि वयात आला, तर स्वतःच्याच दाढीवर मुततो, आणि तो वास धुतलेल्या कपड्यांतूनही बँकेपर्यंत येतो. पैदाशीला ठेवायचा म्हटलं तरी दीड-दोन वर्षांत बदलावा लागतो, नाहीतर स्वतःच्याच लेकींवर जातो आणि पुढची पिढी कमजोर निघते. शेवटी आमचे बोकड तात्याच घेऊन जातात. काही लोणंदला, काही यात्रांना, आणि वर्षाच्या पुढचा, अंगाने निर्दोष असा एखादा बकरी ईदला. किंमत तिथे चांगली येते. थोरली वहीत करडाचं नाव, जन्मतारीख, वजन आणि 'कुठे गेला' असा रकाना ठेवते. तो रकाना ती स्वतः भरते, आम्ही सांगितलं नव्हतं. पाहुण्यांपैकी काही म्हणतात, मुलांसमोर हे नको. मला उलट वाटतं. करडासोबत फोटो काढू द्यायचा आणि वही लपवायची, हे मला जमणार नाही.

गाईचा पेच याहून मोठा, कारण तिथे विकायचा रस्ताच अरुंद. महाराष्ट्रात गोहत्येवर बंदी १९७६ च्या कायद्याने होती. बैल आणि वळू त्यात आले ते दुरुस्तीने. ती विधिमंडळात १९९५ साली मंजूर झाली आणि राष्ट्रपतींची संमती मिळून २०१५ च्या मार्चपासून लागू झाली. त्या कायद्यावर बोलायला लोक पुष्कळ आहेत. आमच्या दावणीपुरतं सांगायचं तर, ज्या काळात नांगरट ट्रॅक्टरकडे गेली त्याच काळात खोंडाला म्हातारपणापर्यंत पोसणं मालकाकडे आलं. दुधाचा धंदा करणारे आता लिंग-वर्गीकृत रेतन करून घेतात. गीर, साहिवाल, होल्स्टीन, जर्सीत नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडीच होतात. खोंडाचा प्रश्न जन्माआधीच मिटतो.

चांदीला मात्र खोंडच झाला. पांढराशुभ्र, शिंगं फुटायच्या आधीच मान ताठ. बंदी असलेल्या बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून खिल्लार खोंडाला पुन्हा भाव आला आहे. एकजण मोटारसायकलवरून आमच्या बांधाला दोनदा फेरी मारून गेला. तिसऱ्यांदा आत आला, खोंडाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि जो आकडा बोलला तो ऐकून नवऱ्याने मला डोळ्यांनी खुणावलं. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "औताला देईन. पळवायला नाही." पैसे कमी आले. मायणीकडचा एक शेतकरी टेम्पो घेऊन आला, जोडी जमवायची होती त्याला. सासूबाईंनी खोंडाच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर थोरलीकडून वहीत लिहून घेतला, आणि पोळ्याचा फोटो पाठवायच्या बोलीवरच दावं सोडलं. फोटो आला. झूल जरा भडक होती एवढीच त्यांची तक्रार.

कोंबड्यांच्या बाबतीत त्यांना अजून आशा आहे. कोंबडी खुडूक झाली की पिल्लांसाठी अंडी त्या स्वतः निवडतात. लांबट, टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोल अंड्यातून तलंग, अशी त्यांची आईकडून आलेली खात्री. नवरा विज्ञानाचा मास्तर. त्याने समजावलं की जनावरांत नर-मादी बापाकडून ठरते, पक्ष्यांत आईकडून, आणि अंड्याच्या आकाराचा दोन्हीशी संबंध नाही. "आईकडून ठरतं ना? मग मी तेच म्हणते," सासूबाई म्हणाल्या आणि बारा गोल अंडी पाटीत भुशावर मांडली. एकविसाव्या दिवशी दहा पिल्लं निघाली. तुरे दिसायला लागले तेव्हा धाकट्याने मोजणी केली: सात कोंबडे.

"अंडी गोलच होती," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही खुराड्यात बल्ब लावलात, त्यानं बिघडलं." आषाढाला अजून दोन महिने आहेत. बल्ब काढून ठेवला आहे.