अस्टोरिया: नाव शेठजींचं, गाव मजुरांचं

अमेरिकेच्या ऑरेगन राज्याच्या वायव्य टोकाला कोलंबिया नदी पॅसिफिक महासागराला मिळते. मुखाजवळ तिचं पात्र इतकं रुंदावतं, की पलीकडचा वॉशिंग्टन राज्याचा किनारा धुक्याच्या दिवशी दिसतही नाही. या मुखाच्या थोडं आत, डोंगर आणि पाण्याच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात अस्टोरिया वसलंय. वस्ती जेमतेम दहा हजार. व्हिक्टोरियन धाटणीची लाकडी घरं उतारावर एकावर एक चढत गेलेली, आणि सपाट जागेची इतकी टंचाई की जुनी बाजारपेठ नदीकाठी खांब ठोकून त्यांवरच उभी केलेली.

नदीचा प्रवाह आणि समुद्राच्या लाटा जिथे समोरासमोर भिडतात, तिथे वाळूचे दांडे सतत जागा बदलत असतात. दर्यावर्दी या भागाला ‘पॅसिफिकची स्मशानभूमी’ म्हणतात. १७९२ पासून सुमारे दोन हजार लहानमोठी जहाजं इथे गमावली गेली. म्हणूनच मोठं मालवाहू जहाज आजही स्थानिक वाटाड्याशिवाय, म्हणजे ‘बार पायलट’शिवाय, आत येत नाही. हा पायलट छोट्या बोटीतून जहाजाला भिडतो, लाट बोटीला वर उचलते तो क्षण साधून दोरशिडी पकडतो आणि पोलादी भिंतीसारख्या कडेवरून वर चढतो. मग जहाज त्याच्या सांगण्यावरून चालतं. जॉर्ज फ्लेव्हेल या अशाच पायलट कप्तानाने १८८० च्या दशकात बांधलेलं मनोऱ्याचं टुमदार घर आता संग्रहालय आहे.

मूळची ही भूमी क्लॅटसॉप आणि चिनूक लोकांची. लुईस आणि क्लार्क या शोधप्रवाशांच्या तुकडीने १८०५-०६ चा पावसाळी हिवाळा जवळच्याच फोर्ट क्लॅटसॉपमध्ये काढला. १८११ मध्ये न्यूयॉर्कचे धनाढ्य व्यापारी जॉन जेकब अ‍ॅस्टर यांच्या कंपनीने फरच्या व्यापारासाठी इथे ठाणं उभारलं. रॉकी पर्वताच्या पश्चिमेची ही पहिली कायमची अमेरिकी वसाहत. गंमत म्हणजे ज्यांचं नाव गावाला मिळालं, त्या अ‍ॅस्टरसाहेबांनी इथे कधी पाऊलही ठेवलं नाही.

फरचा धंदा मंदावल्यावर गावाला जगवलं ते सामन माशाने आणि लाकडाने. मासे डबाबंद करणाऱ्या कॅनऱ्या नदीकाठी ओळीने उभ्या राहिल्या. मासे सोलण्या-कापण्याचं कष्टाचं काम चिनी मजुरांकडे, तर जाळी टाकणाऱ्यांमध्ये फिनलंडहून आलेल्यांचा मोठा भरणा. या फिनिश मच्छीमारांनी १८९६ मध्ये स्वतःची सहकारी कॅनरी काढली. त्यांचा मोहल्ला ‘युनियनटाउन’ म्हणून आजही ओळखला जातो.

लाकडाच्या धंद्याने मात्र हे गाव थेट हिंदुस्थानच्या इतिहासाला जोडलं. हॅमंड कंपनीच्या सॉ मिलमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातून आलेले मजूर काम करत. बहुतेक जण शीख; पण गोऱ्यांच्या लेखी सगळे ‘हिंदू’च, म्हणून त्यांच्या वस्तीला नाव पडलं ‘हिंदू अ‍ॅली’. १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये आणि १९१० मध्ये पोर्टलंडजवळच्या सेंट जॉन्समध्ये जमावांनी हिंदी मजुरांना मारहाण करून हुसकावून लावलं होतं. त्या मानाने अस्टोरियात निभाव लागत होता. इथे पंजाबी पैलवानांच्या कुस्त्या लागत आणि गावकरी त्या बघायला गर्दी करत.

१९१३ मध्ये याच गावातल्या फिनिश समाजवाद्यांच्या सभागृहात हिंदी मजूर जमले आणि हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या गदर पक्षाची पायाभरणी झाली. सोहनसिंग भकना अध्यक्ष झाले, लाला हरदयाळ सरचिटणीस. सभेला जागा फिनिश मंडळींची मिळाली, यात नवल नाही. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. परक्या सत्तेखालचं जिणं त्यांनाही ठाऊक होतं.

गदरच्या चळवळीत मराठी माणसंही होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच ऑरेगनमध्ये, कॉर्व्हालिसच्या कृषी महाविद्यालयात शिकले होते. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत शिकायला आले आणि क्रांतिकारक होऊन परतले. मीरतच्या लष्करी छावणीत ते बॉम्बसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात गदरमधले सहकारी कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर फासावर चढले.

१९२२ साल अस्टोरियाला काळ ठरलं. आधी सॉ मिल जळाली. मग ८ डिसेंबरला बाजारपेठेला आग लागली. रस्ते आणि दुकानं लाकडी खांबांवर असल्याने ज्वाला रस्त्यांच्या खालूनच पुढे सरकत गेल्या. बंबवाले वरून पाणी मारत आणि आग पायाखालून पुढच्या गल्लीत पोचे. तीसेक चौक बेचिराख झाले. गावाने पुन्हा बाजारपेठ बांधली ती काँक्रीटची. १९२५ चं लिबर्टी थिएटर त्याच उभारीतलं. मिल मात्र पुन्हा उभी राहिली नाही. पंजाबी मजूर पांगले आणि त्यांची आठवणही पुसट झाली.

१९२६ मध्ये टेकडीवर १२५ फुटी अस्टोरिया स्तंभ उभारला गेला. त्याच्या अंगावर गोल फिरत जाणारा चित्रपट्टा जंगलापासून सुरू होतो आणि आगगाडीच्या आगमनापाशी संपतो. कॅनऱ्या-मिलांतल्या परदेशी मजुरांची दखल घ्यायला मात्र गावाला पुढे आणखी ऐंशी-नव्वद वर्षं लागली. इतिहासकार जोहाना ऑग्डेन यांच्या संशोधनाने पंजाबी मजुरांची गोष्ट वर आली, २०१३ मध्ये शहराने गदरची शताब्दी साजरी करून स्मृतिफलक लावला आणि पुढच्याच वर्षी चिनी मजुरांच्या स्मरणार्थ बाग खुली झाली. उशिरा का होईना, हिशेब चुकता करायची दानत या गावाने दाखवली.

शेवटची मोठी कॅनरी १९८० मध्ये बंद पडली. आता गाव पर्यटनावरही जगतं. ‘द गूनीज’ हा १९८५ चा सिनेमा इथे चित्रित झाला. त्याचे चाहते दर जूनमध्ये येतात. जुन्या तुरुंगात चित्रपट संग्रहालय आहे. पण गावाचा खरा सण फेब्रुवारीअखेरचा. १९९८ पासून इथे ‘फिशरपोएट्स’ संमेलन भरतं. प्रत्यक्ष मासेमारी करणारे बायकापुरुष बारमध्ये, सभागृहांत उभे राहून आपल्याच कविता वाचतात, तुफानाच्या आणि बुडालेल्या सोबत्यांच्या. पूर्वेकडच्या धक्क्यावर समुद्रसिंहांचं भुंकणं चालूच असतं.

पोर्टलंडहून मोटारीने दोनेक तासांत इथे पोचता येतं. हिवाळाभर रिपरिप असते, म्हणून जून ते सप्टेंबर उत्तम. स्तंभाच्या १६४ पायऱ्या चढून वर जावं; तिथून बाल्सा लाकडाचं खेळण्यातलं विमान सोडायचा इथे पूर्वी रिवाज होता. १९१३ मध्ये बनलेल्या ट्रामने नदीकाठ बघावा आणि १९६६ च्या सुमारे साडेसहा किलोमीटर लांब पुलापाशी उतरावं. पुलाखालच्या मॅरिटाइम मेमोरियल पार्कमध्ये गदरचा फलक आहे. मराठी प्रवाशाने तो वाचल्याशिवाय अस्टोरिया सोडू नये.