विंचवाची नांगी आणि आपली मज्जासंस्था
आष्टीच्या माळावर दगड उचलताना विंचवाने नांगी मारली, तर हात आधी मागे येतो. कळ मागाहून कळते. हा हुकूम मेंदूचा नव्हे, कण्यातील मज्जारज्जूचा. पण आम्हांला खरे भय वाटते ते आपली आज्ञा न मानणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेचे. हृदय, घाम, रक्तवाहिन्या तिच्याच स्वाधीन. लाल विंचवाचे विष तिला सारखे चेतवीत राहते: दरदरून घाम, थंडगार हातपाय, शेवटी फुप्फुसांत पाणी. मराठवाड्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला अशा रोग्यांना आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन दिले. १९८६ साली तो अनुभव 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे मृत्यू पुष्कळ घटले. तेव्हा कळ फारशी नाही म्हणून निश्चिंत राहू नये. घाम पाहावा, हात गार पडले का पाहावे आणि तडक दवाखाना गाठावा.