सिऊदच्या तपासणीला काय सांगावे?



मी आयुष्यभर नर्सचे काम केले, पण स्वतःच्या आईच्या वेळी चुकले. आई तेव्हा 83 वर्षांची. बितुआख लेउमीकडे सिऊदचा अर्ज भरला होता आणि तपासणीसाठी बाई घरी येणार होत्या. आईने सकाळीच मला कपाटातली चांगली साडी काढायला लावली. मी तिला न्हाऊ घातले, साडी नेसवली, घर आवरले. बाई आल्यावर "मा श्लोमेख?" म्हणाल्या. आई हसून म्हणाली, "बारुख हाशेम, हाकोल बेसेदर!" आंघोळ? "मीच करते." कपडे? "मीच घालते." मी शेजारीच होते, पण तिचा पाणउतारा नको म्हणून गप्प बसले.

नकाराचे पत्र आले. पुढे दोन महिन्यांनी आई न्हाणीघरात पडली.

आपल्या लोकांना दुखणे सांगण्याची लाज वाटते. पाहुण्यापुढे हे शोभते, तपासणीत नाही. तिथे जे सांगाल आणि जे दिसेल, त्यावरच गुण पडतात.

सिऊद हा भत्ता निवृत्तीचे वय झालेल्या आणि घरी राहणाऱ्या माणसांसाठी आहे. अर्जदाराचे व जोडीदाराचे उत्पन्न पाहतात, मुलांचे नाही. आजाराचे नाव काय, यापेक्षा रोजची कामे कोणाच्या मदतीने होतात, हे तपासतात: कपडे घालणे, आंघोळ, खाणे-पिणे, संडास-लघवी, घरातल्या घरात चालणे. एकटे सोडणे धोक्याचे आहे का, हेही पाहतात. नोव्हेंबर 2018 पासून या भत्त्याच्या सहा पायऱ्या आहेत.

दुसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा आम्ही अशी तयारी केली:

1. आठवडाभर वहीत लिहिले. कोणत्या कामाला कोणी हात दिला, किती वेळ लागला, रात्री किती वेळा उठवावे लागले, कधी तोल गेला. पडल्याच्या तारखाही लिहिल्या.

2. कुपात खोलिमच्या डॉक्टरांकडून आजारांचा सारांश आणि औषधांची यादी घेतली. इस्पितळातून सोडल्याचे कागद एकाच फाइलमध्ये ठेवले.

3. घर नेहमीसारखेच ठेवले. वॉकर, कमोडची खुर्ची, डायपर काही लपवले नाही. चष्मा आणि कानाचे यंत्र मात्र लावले.

4. मी हजर राहिले. आईला हिब्रू जमते, पण दुखण्याचे बोलताना ती मराठीवर येते. तिने मराठीत सांगितले, मी हिब्रूत केले. माझ्या पदरचे घातले नाही.

5. "जमते" एवढ्यावर थांबलो नाही. "ब्लाउज घालता येतो, पण हुक मी लावते." "आंघोळ करते, पण टबात उतरताना धरावे लागते." असे पुरते सांगितले.

विसरभोळेपणा असेल तर घरच्याने तपासणाऱ्या बाईंशी बाजूला बोलावे. गॅस चालू राहतो, रस्ता चुकतो, हे आईवडिलांच्या तोंडावर सांगताना त्यांना वाईट वाटते.

वाढवून मात्र काही सांगू नका. चांगला दिवस आणि वाईट दिवस दोन्ही सांगा, आणि महिन्यातून वाईट किती येतात तेही.

नकार आला तरी पत्र फेकू नका. हरकत घेण्याची मुदत त्यातच असते. तब्येत ढासळली तर नवा अर्ज करता येतो. चौकशीसाठी बितुआख लेउमीचा फोन *6050 आहे. हिब्रू अवघड वाटत असेल, तर नातवंडाला शेजारी बसवून फोन लावा.

दुसऱ्या खेपेला आईला भत्ता मंजूर झाला. आता मेतापेलेत येते आणि तिला न्हाऊ घालते. पहिल्या दिवशी आई रुसली होती. आता शुक्रवारी शब्बाथच्या आधी तीच दाराकडे डोळे लावून बसते.